शाळा बंद होण्याआधी घरोघरी पोहोचावा असा अभ्याससंच

कोकणातील प्राथमिक शाळा कोणत्या कारणांनी बंद राहतात, हे येथील शिक्षकांना आणि पालकांना वेगळे सांगावे लागत नाही. जूनच्या मध्यावर शाळा उघडतात, आणि भाताची लावणी आटोपण्याआधीच हवामान विभागाचा रेड अलर्ट येऊन जिल्हाधिकाऱ्यांनी एकदोन दिवसांची सुट्टी जाहीर केलेली असते. एखाद्या वर्षी संकट याहून फार मोठे असते. 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत अनेक शाळांची कौले आणि पत्रे उडाले आणि कित्येक गावांत वीज आठवडेच्या आठवडे आली नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूण आणि महाड येथील घराघरांतली दप्तरे, वह्या आणि पुस्तके चिखलात गेली. करोनाच्या साथीत तर मार्च 2020 मध्ये बंद झालेले पहिली ते चौथीचे वर्ग राज्याच्या ग्रामीण भागात 1 डिसेंबर 2021 नंतर पुन्हा भरू लागले. म्हणजे त्या काळात पहिलीत दाखल झालेले मूल वर्गात न बसताच दुसरीत गेले.

या तिन्ही प्रकारच्या बंदसाठी पुढील पद्धत उपयोगी पडते. ती मुख्यतः एकशिक्षकी आणि द्विशिक्षकी शाळांतील शिक्षकांसाठी लिहिली आहे, परंतु शाळा व्यवस्थापन समितीचे सदस्य, अंगणवाडी सेविका किंवा वाडीतील शिकलेली ताई यांनाही ती वापरता येईल. तिचा आधार दोन गोष्टींवर आहे. अभ्यासाचे साहित्य शाळा बंद होण्यापूर्वीच मुलाच्या घरी कागदावर पोहोचलेले असले पाहिजे, आणि मुलाने केलेले काम शिक्षकाच्या नजरेखालून गेले पाहिजे. पहिली गोष्ट बऱ्याच शाळा करतात. दुसरी राहून जाते, आणि ती राहिली की पुढच्या वेळी मूल संच उघडतही नाही.

तयारी मे महिन्यात

पावसाळ्यात तालुक्याच्या गावी जाऊन छपाई करून आणणे आणि ते कागद कोरडे ठेवून वाडीपर्यंत नेणे किती कठीण असते, हे ज्याने केले आहे त्याला ठाऊक आहे. म्हणून छपाई मे महिन्यात, निदान शाळा उघडण्यापूर्वी उरकावी. प्रत्येक मुलासाठी शाळेच्या पाच दिवसांचा एक छोटा संच करून तो शाळा उघडल्यावर पंधरवड्याच्या आत मुलाच्या हातात द्यावा. याखेरीज तीन आठवडे पुरेल असा राखीव संच तयार ठेवावा. हा राखीव संच केवळ शाळेत ठेवू नये, कारण वादळात छप्पर शाळेचेच उडू शकते, आणि छप्पर टिकले तर त्याच खोल्यांत गावकऱ्यांच्या निवाऱ्याची सोय करावी लागते. त्याची वाटणी वाड्यांप्रमाणे करावी आणि प्रत्येक वाडीत उंचावर असलेले, पक्क्या छपराचे एक घर ठरवून तेथे तो ठेवावा. धान्य ठेवण्यासाठी वापरतात ती घट्ट झाकणाची निळी प्लास्टिकची पिंपे यासाठी उत्तम असतात.

दमट हवेचा विचार प्रत्येक वस्तू निवडताना करावा. इंकजेट प्रिंटरची शाई ओल लागताच पसरते; झेरॉक्स किंवा लेझर छपाईची पसरत नाही, म्हणून एक प्रत काढून बाकी सर्व झेरॉक्स कराव्यात. मुलांना शाईचे पेन न देता शिसपेन्सिल द्यावी. अक्षरकार्डे आणि अंककार्डे यांसाठी वेगळा जाड कागद विकत घेण्याची गरज नसते. मे महिन्यातल्या लग्नसराईनंतर प्रत्येक घरात पत्रिकांचा गठ्ठा पडलेला असतो, त्यांच्या कोऱ्या पाठी या कामासाठी पुरेशा जाड असतात. संपूर्ण संच बटणाच्या प्लास्टिकच्या पाकिटात घालावा आणि पाकिटावर मुलाचे नाव, इयत्ता व शिक्षकांचा फोन नंबर न पुसणाऱ्या शाईने लिहावा. पाटी आणि पाटीवरची पेन्सिल संचात जरूर असावी. वही भिजली तर गेली, पाटी पुसून पुन्हा वापरता येते, आणि चुकलेले बिनदिक्कत पुसता येत असल्यामुळे लहान मुले पाटीवर अधिक मोकळेपणाने लिहितात.

खर्चाचा हिशेब आधी मांडावा. वीस मुलांची शाळा असेल आणि प्रत्येकाला वीस पाने द्यायची असतील, तर चारशे पाने म्हणजे पाठपोट छपाईने दोनशे कागद होतात. हा भार शाळेच्या अनुदानातून किंवा ग्रामपंचायतीच्या मदतीने उचलता येतो. गावच्या मुंबईकर मंडळांकडून दरवर्षी वह्यावाटप होते. त्या मंडळींना पत्र लिहून, काही वह्यांऐवजी झेरॉक्सचा खर्च आणि पाकिटे द्यावीत, आणि तीही गणपतीत न देता मे महिन्यात गावी येतील तेव्हा द्यावीत, अशी विनंती करावी. कशासाठी हवे आहे ते स्पष्ट सांगितले की चाकरमानी सहसा नाही म्हणत नाहीत.

इयत्तेप्रमाणे नव्हे, मुलाप्रमाणे

सर्वांत अधिक विचार येथे करावा लागतो. तिसरीच्या सर्व मुलांना तिसरीचीच पाने देणे सोपे आहे, परंतु त्यांपैकी जे मूल अजून शब्दापाशी अडखळते, त्याच्यासाठी ते पाकीट बंदच राहणार. वर्गात शिक्षक शेजारी बसून अडचण सोडवू शकतो. घरी, पावसाच्या अंधारलेल्या दुपारी, ते मूल एकटे असते. म्हणून शाळा उघडल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक मुलाला पाच-सात मिनिटे जवळ बसवून वाचायला लावावे आणि ते अक्षर, शब्द, सोपा परिच्छेद किंवा गोष्ट यांपैकी कोणत्या पायरीवर आहे, याची नोंद करावी. ग्रामीण मुलांचे वाचन आणि गणित तपासणाऱ्या ‘असर’ सर्वेक्षणात 2005 पासून याच धर्तीच्या पायऱ्या वापरल्या जातात आणि त्या समजायला सोप्या आहेत. गणितासाठीही तसेच करावे : एक अंकी संख्या ओळखतो का, दोन अंकी ओळखतो का, हातच्याची वजाबाकी येते का, भागाकार येतो का. या नोंदीवरून पाकीट भरावे. चौथीच्या मुलाच्या पाकिटात शब्दांच्या पायरीची पाने गेली तर त्यात कमीपणा नाही, मात्र पानावर इयत्ता छापू नये, म्हणजे भावंडांत आणि शेजाऱ्यांत त्याची चर्चा होणार नाही.

प्रत्येक पानावर एकच काम असावे. सूचना एका ओळीची, मोठ्या अक्षरांत आणि मुलाला ऐकून परिचित असलेल्या शब्दांत असावी. पानाच्या डोक्यावर चार चिन्हांपैकी एक काढावे : डोळा म्हणजे वाच, पेन्सिल म्हणजे लिही, तोंड म्हणजे सांग, हात म्हणजे करून पाहा. ही चिन्हे जूनमधल्या पालकसभेत सर्वांना दाखवून समजावून द्यावीत. ज्या आईला किंवा आजीला लिहिता-वाचता येत नाही, तिलाही मग आज काय करायचे आहे हे कळते आणि ती मुलाला बसवू शकते. तोंडाचे चिन्ह असलेल्या कामांत मुलाने घरच्या बोलीत, मग ती मालवणी असो, संगमेश्वरी असो की आगरी, बोलले तरी ते उत्तर पूर्ण मानावे.

एका दिवसासाठी एक वाचनाचे पान, एक गणिताचे पान आणि एक करून पाहण्याचे काम पुरेसे आहे. पहिली-दुसरीच्या मुलांसाठी हे मिळून पाऊण तासाच्या आत व्हावे, तिसरी-चौथीसाठी सव्वा तासापर्यंत. याहून अधिक दिल्यास पालक पहिल्या दोन दिवसांत सर्व उरकून घेतात किंवा स्वतः लिहून टाकतात. पहिली-दुसरीच्या संचात लिहिण्याची पाने कमी आणि कार्डे अधिक असावीत, कारण ती मुले सूचना वाचून एकट्याने काम करू शकत नाहीत, परंतु अक्षरकार्डे जुळवून शब्द करण्याचा खेळ ती मोठ्या भावंडाबरोबर आवडीने खेळतात.

घरात आधीच असलेले साहित्य

गणित शिकण्यासाठी विकत आणलेल्या मण्यांच्या माळांची गरज नाही. नारळाच्या झावळीचे हीर काढून त्यांचे बोटभर लांबीचे तुकडे करावेत. दहा काड्यांची एक जुडी आणि दहा जुड्यांचा एक भारा, एवढ्याने एकक, दशक आणि शतक मुलाच्या हातात येतात. हातच्याची वजाबाकी न समजणाऱ्या मुलाला जुडी सोडून दहा सुट्या काड्या करायला लावले की त्याची अडचण बहुधा तेथेच सुटते. मोजण्यासाठी चिंचोके आणि शिंपल्याही चांगल्या. काजूच्या बिया मात्र वापरू नयेत. मुले त्या फोडायला जातात आणि टरफलातील तेलाने ओठ व बोटे भाजतात. घरात रांगते मूल असेल तर चिंचोकेही टाळावेत, कारण ते तोंडात किंवा नाकात जाण्याची भीती असते. त्या घरी हिराच्या काड्याच द्याव्यात, आणि त्यांची टोके घासून बोथट करावीत.

तिसरी-चौथीसाठी पावसाळ्यात करून पाहण्याचे सर्वांत चांगले काम म्हणजे पाऊस मोजणे. सरळ भिंतीचा, तळापासून तोंडापर्यंत सारख्याच रुंदीचा डबा घ्यावा, त्यावर मिलिमीटरच्या खुणांची कागदी पट्टी चिकटटेपखाली लावावी आणि तो अंगणात उघड्यावर, पागोळ्या व झाडांपासून दूर, विटांच्या आधाराने ठेवावा. डब्याचे तोंड लहान असो वा मोठे, भिंती सरळ असतील तर पाण्याची उंची सारखीच येते. हे मुलांना दोन डबे शेजारी ठेवून स्वतः पाहू द्यावे. हवामान विभाग पावसाची नोंद सकाळी साडेआठला घेतो, म्हणून मुलांनीही त्याच वेळी मोजून डबा रिकामा करावा. चोवीस तासांत साधारण 65 मिलिमीटरपासून पुढे जोरदार, 115 च्या पुढे अति जोरदार आणि 205 च्या आसपास व त्यापुढे अत्यंत जोरदार पाऊस मानला जातो. हे तीन आकडे पानावर छापले की रोजची नोंद ही केवळ नोंद राहत नाही, आपल्या शाळेला सुट्टी का मिळाली हे मूल स्वतः शोधू लागते. डबा तीस सेंटिमीटर उंचीचा असावा, नाहीतर मोठ्या पावसाच्या दिवशी तो भरून वाहील.

किनाऱ्यालगतच्या आणि खाडीकाठच्या गावांतील चौथीच्या मुलांसाठी आणखी एक पान जरूर घालावे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते, हा हिशेब येथील जुन्या माणसांना पाठ असतो. पंचमीला पाचाची पाऊणपट म्हणजे पावणेचार, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात; पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचे. तिथी भिंतीवरच्या कॅलेंडरात असते. तीनने गुणणे, चारने भागणे, पाव-अर्धा-पाऊण यांचे मिनिटांत रूपांतर आणि भरती रोज सुमारे 48 मिनिटे पुढे का सरकते हा प्रश्न, असे चार दिवसांचे काम या एका पानात आहे. आलेली वेळ बरोबर आहे का, हे मुलाने आजोबांना किंवा होडीवर जाणाऱ्या शेजाऱ्याला विचारून लिहावे. पावसाळ्यात खाडीवर किंवा खडपांवर एकट्याने पाहायला जायचे नाही, ही सूचना त्याच पानावर ठळक छापावी.

चौथीला परिसर अभ्यासाच्या दुसऱ्या भागात शिवछत्रपतींचे चरित्र असते. सिंधुदुर्गाच्या बांधकामाची सुरुवात 1664 ची आणि ते पूर्ण झाल्याचे वर्ष 1667, एवढ्या माहितीवर वजाबाकी आणि कालरेषा दोन्ही करता येतात.

वाचनासाठी पाठ्यपुस्तकाखेरीज आठ-दहा छोटे उतारे द्यावेत. ते शिक्षकांनी स्वतः लिहिलेले असले तर अधिक चांगले : पऱ्याला (ओढ्याला) आलेले पाणी, बाजारातला दिवस, एसटीची वाट पाहणारी माणसे, जाळे विणणारे काका. ओळखीच्या गोष्टीवर लिहिलेले वाचताना मुलाला पुढचा शब्द अंदाजाने सुचतो आणि तो अंदाज खरा ठरला की वाचनाचा धीर वाढतो.

पालकांचा वेळ

जुलैत लावणीच्या दिवसांत शेतकरी घरांतील आईवडील सकाळी जातात ते अंधार पडता येतात. त्या घरांसाठी संचातील रोजचे काम आजी-आजोबा किंवा मोठी बहीण यांच्याबरोबर होईल असेच असले पाहिजे. आजीने गोष्ट सांगावी आणि मुलाने तिचे चित्र काढून खाली दोन ओळी लिहाव्यात, हे काम कधीही वाया जात नाही. मच्छीमार घरांत स्थिती वेगळी असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असल्याने वडील बहुधा घरी असतात, जाळ्यांची दुरुस्ती चाललेली असते, आणि लांबी मोजणे, वजन करणे, जाळ्याचे डोळे मोजणे ही कामे मुलाला त्यांच्याबरोबर करता येतात. गावातील घरे या दोन्ही प्रकारची असतील तर एकाच छापाचा संच दोघांना देऊ नये.

पोहोचवणे, आणि परत आणणे

शाळा बंद झाल्यावर संच पोहोचवावा लागला तर मुलांना तो न्यायला बोलावू नये. साकवावरून (ओढ्यावरच्या छोट्या पुलावरून) पाणी जात असेल तेव्हा कोणीही पलीकडे जाऊ नये. एका पाकिटासाठी कोणाचा जीव धोक्यात घालण्याचे कारण नाही, आणि म्हणूनच पहिला संच आधी देऊन ठेवायचा. पाणी उतरल्यावर वाडीतील ठरलेल्या घरातून वाटप व्हावे. बंद लांबला, तर रेशनचे दुकान, अंगणवाडी किंवा किराणा दुकान यांपैकी जेथे प्रत्येक घरातील माणूस आठवड्यातून एकदा येतोच, ते ठिकाण निवडावे. साथीच्या काळात शालेय पोषण आहाराचा शिधा पालकांच्या हाती देण्यात आला होता. तशी वेळ पुन्हा आली, तर शिधा नेण्याचा दिवस हाच झालेली पाने परत देऊन नवी नेण्याचा दिवस ठरवावा. पालकांना दोन फेऱ्या पडत नाहीत आणि एकही घर सुटत नाही.

परत आलेल्या पानांवर गुण देऊ नयेत. प्रत्येक मुलाच्या कामातील एका नेमक्या गोष्टीवर एक ओळ लिहावी : “तू सोमवारचा पाऊस 92 मिलिमीटर मोजलास, मंगळवारी तो कमी का झाला असेल ते लिही.” ‘छान’ एवढेच लिहिण्यापेक्षा अशी ओळ मुलाला शिक्षकांनी आपले पान खरोखर वाचले हे सांगते. सर्व पाने तपासायला वेळ नसेल तर प्रत्येकाचे एकच पान नीट पाहावे.

फोनचा सर्वांत चांगला उपयोग साध्या कॉलसाठी होतो. त्याला इंटरनेट लागत नाही आणि बटणाचा फोनही चालतो. आठवड्यातून एकदा, पालक घरी असण्याच्या वेळी, फोन करून मुलाला एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगावा आणि मग पाच मिनिटे त्याचे ऐकावे. दीक्षा ॲप, बालभारतीच्या पुस्तकांतील क्यूआर कोड आणि संकेतस्थळावरून मोफत मिळणारी पुस्तकांची पीडीएफ ही साधने उपयुक्त आहेत, परंतु येथे त्यांचा उपयोग प्रामुख्याने शिक्षकाने करावा : रेंज असलेल्या ठिकाणी आधीच उतरवून घ्यावे, त्यातील हवे ते निवडावे आणि कागदावर द्यावे. 2020 मध्ये व्हॉट्सॲपवरून रोज अभ्यास आणि सह्याद्री वाहिनीवरून पाठ देण्याचा प्रयत्न राज्यात झाला आणि अनेक मुलांपर्यंत तो पोहोचला. पण वादळानंतर जेथे खांबच आडवे झाले होते तेथे टीव्हीही बंद होता आणि फोनही चार्ज होत नव्हता. घरात एकच स्मार्टफोन असेल तर तो बहुधा कामावर गेलेल्या माणसाबरोबर जातो, हेही ध्यानात घ्यावे.

ज्या घरात पाणी शिरले आहे तेथे पहिला आठवडा अभ्यासाची अपेक्षा ठेवू नये. त्या मुलाला कोरे कागद, रंगखडू आणि कोणाशी तरी बोलण्याची संधी द्यावी. जे पाहिले ते त्याने चित्रात काढले किंवा सांगितले तर ऐकून घ्यावे, सांगायचे नसेल तर विचारू नये. वाहून गेलेल्या पुस्तकांची यादी त्याच आठवड्यात केंद्रप्रमुखांकडे द्यावी आणि नवी पुस्तके येईपर्यंत पीडीएफमधील केवळ चालू पाठांच्या झेरॉक्स द्याव्यात. विशेष गरजा असलेल्या मुलांचे संच समावेशित शिक्षणाच्या विशेष शिक्षकांशी बोलून मे महिन्यातच ठरवावेत, कारण मोठ्या ठशाची पाने किंवा स्पर्शाने ओळखायची कार्डे ऐनवेळी होत नाहीत.

शाळा पुन्हा भरेल त्या दिवशी नवा धडा सुरू करू नये. प्रत्येकाने पाकीट उघडून आपले एक काम वर्गाला दाखवावे, पावसाचे आकडे फळ्यावर एकत्र मांडावेत, आणि कोणत्या मुलाची कोणती पाने कोरी आहेत हे पाहून कारण नोंदवावे : काम कठीण होते, सूचना कळली नाही, की घरी बसवणारे कोणी नव्हते. या नोंदीप्रमाणे पाने बदलून पाकीट त्याच आठवड्यात पुन्हा भरावे आणि घरी पाठवावे, कारण गणपतीपर्यंत आणखी एखादा रेड अलर्ट येण्याची शक्यता असतेच.